दोन लाव्हांमधला चिखल

जासईचा दगड काळा, घट्ट आणि मुका. सुरुंग लावून फोडा, क्रशरमध्ये घालून खडी करा. त्याच्या पोटातून पान निघणार नाही, शिंपला निघणार नाही. तो लाव्हा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो उसळला आणि वाटेत जे जे जिवंत होते ते जाळत पसरला. खाणीतल्या एखाद्या पोकळीत कधी झिओलाइटचे पांढरे स्फटिक लखलखतात. पोरे ते घरी नेऊन खिडकीत ठेवतात. सुंदर असतात ते, पण ती पाण्याची आणि खनिजांची करणी. तिथे कोणी जगले नव्हते.

अशा गावात राहून मी जीवाश्म शोधतो. मला हवा असतो तो शेल: बारीक गाळ संथ पाण्यात थरावर थर बसून, वरच्या ओझ्याने दबून झालेला दगड. त्याला ठोकायचे नसते. कडेच्या रेषेवर छिन्नी टेकवून हलकेच टिचकी मारायची, की तव्यावर फुगलेल्या भाकरीसारखा त्याचा पापुद्रा सुटतो आणि कोट्यवधी वर्षांत प्रकाश न पाहिलेली एक सपाट जागा समोर उघडते. बहुतेक वेळा तिच्यावर काहीच नसते. मला ती कोरी पानेही आवडतात. त्या दिवशी त्या डबक्यात वारा पडला होता, पाणी हलत नव्हते, एवढे तरी ती सांगतात.

काळ्या दगडाच्या मुलखात हा शेल येतो कुठून? लाव्हा एका दमात आला नाही म्हणून. एक लोट आला, थंड झाला, मग कधी शेकडो, कधी हजारो वर्षे शांतता. त्या काळात दगड झिजून माती झाली, खळग्यांत पाणी साठले, काठावर झाडोरा माजला. मग पुढचा लोट आला आणि सगळे खाली गाडले गेले. खंडाळ्याच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या थरांमध्ये तांबडी पट्टी दिसते, ती अशीच भाजलेली जुनी माती. आणि जिथे तळे होते तिथे गाळ राहिला, त्याचा शेल झाला. भूशास्त्रात या थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. दख्खनचा इतिहास आपण आगीचा म्हणून शिकतो. मला तो या मधल्या विश्रांतीचा वाटतो.

असा थर शोधायचा तर जासईच्या डोंगरावरून पश्चिमेला बघावे. खाली बंदराच्या क्रेन, पुढे पाणी, घारापुरी, आणि पलीकडे धुरकट मुंबई. पनवेलच्या आसपास लाव्हाचे थर समुद्राकडे वाकलेले आहेत. सह्याद्रीत पाटासारखे आडवे बसलेले हे थर मुंबईत पश्चिमेकडे उतरत जातात. त्या उतरणीत, वरळी आणि मलबार हिलच्या टेकड्यांच्या दगडाखाली, एका तळ्याचा गाळ दबून राहिला होता. एकोणिसाव्या शतकात तिथल्या खोदकामांत काळसर शेल निघाला आणि त्याच्या पापुद्र्यांवर बेडकांचे सांगाडे सापडले. एखाददुसरा नव्हे, ढिगाने. पाय पसरलेले, बोटांची हाडे जागच्या जागी. रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचे वर्णन करून त्यांना ‘राना पुसिला’, म्हणजे चिमुकला बेडूक, असे नाव दिले. १९३० मध्ये जी. के. नोबल या अमेरिकी अभ्यासकाने तो नेहमीच्या बेडकांच्या कुळातला नाही हे दाखवून त्याला ‘इंडोबॅट्राकस’ केले आणि त्याचे नाते ऑस्ट्रेलियातल्या बेडकांशी जोडले. मुंबईचा बेडूक आणि त्याचे सोयरे समुद्रापार. गोंडवन हा महाखंड फुटून त्याचे तुकडे दूर गेल्याची गोष्ट एवढ्याशा हाडांत मावते.

त्या थरांचा खरा अभ्यासक हेन्री कार्टर. पेशाने डॉक्टर, मुंबईत नोकरीला. १८५२ मध्ये त्याने मुंबई बेटाच्या भूरचनेवर निबंध लिहिला. त्यात वरळीचे कासव आहे, शेलमध्ये खच्चून भरलेले ‘सायप्रिस’ हे सूक्ष्म कवचधारी जीव आहेत, वनस्पतींचे अवशेष आहेत. आज त्या टेकड्यांवर इमारती उभ्या आहेत आणि ते तळे कोणाच्या तरी पार्किंगखाली आहे. मी वरळीला जातो तेव्हा समुद्राकडे पाहत नाही, पायाखाली पाहतो. दोन आगींच्या मधल्या उसंतीत तिथे पावसाळी रात्री बेडूक ओरडत होते. त्यांना मागची आग माहीत नव्हती, पुढचीही नाही.

सांगाडा सापडला की कोण मेले ते कळते. माग सापडला की कोण चालत होते ते कळते, म्हणून मला मागांची ओढ जास्त. पाऊल, फरपट, बीळ, शेपटीची रेघ: ही जगण्याची खूण असते. ती टिकायला मात्र सगळे जुळून यावे लागते. चिखल फार पातळ असला तर पाऊल भरून येते, फार कोरडा असला तर उमटतच नाही. मधल्या अवस्थेत ते उमटावे, उन्हात थोडे आवळावे आणि लाटेने पुसण्याआधी वर नवा गाळ हळुवार पसरावा. हे सगळे होताना पाहायचे असेल तर जासईच्या खाली खाडीवर ओहोटीला यावे. निवटी ही मासळी चिखलावर सरपटत जाते आणि मागे नागमोडी ओळ सोडते. खेकडा बिळातून काढलेल्या मातीच्या गोळ्या भोवती मांडतो. बगळ्याची तीन बोटे पुढे, एक मागे. भरती आली की बहुतेक पुसते, क्वचित एखादा थर राहतो. शेल वाचायला मी पुस्तकातून शिकलो तेवढाच या चिखलातून शिकलो. आता भरावाच्या गाड्या येतात आणि डोंगर फोडून काढलेला मुरूम याच चिखलावर ओततात. मागच्या काळाचा दगड येणाऱ्या काळाच्या शेलवर पडतो आणि दोन्ही एकदमच जातात. याचे मला मनापासून दुःख होते.

पानांसाठी विदर्भात जावे लागते. उमरेडच्या कोळसा खाणीबाहेर टाकलेल्या शेलच्या ढिगावर, परवानगी काढून, मी ग्लॉसोप्टेरिसचे पान पहिल्यांदा हातात घेतले. जिभेसारखा आकार, मधोमध ठसठशीत शीर, तिच्यापासून जाळ्यासारख्या निघालेल्या बारीक शिरा. पंचवीस कोटी वर्षांहून जुने ते पान आज सकाळी गळले असावे इतके स्पष्ट होते. नागपूरला मिशनरी म्हणून आलेल्या स्टीफन हिस्लॉपने १८५० च्या दशकात कामठीच्या दगडांतून अशी पाने गोळा केली. कामठी हे नाव त्या थरांना कायमचे चिकटले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना तो नाल्याच्या पुरात बुडाला. दक्षिण ध्रुवावरून परततानाच मरण आलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने शेवटपर्यंत ओढत आणलेल्या सुमारे १६ किलो दगडांतही ग्लॉसोप्टेरिसच होते. उमरेड आणि अंटार्क्टिका एका जंगलाचे दोन तुकडे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची गोष्ट शेलची नाही, पण ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. तिथे डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा सापडते. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले आणि २००५ मध्ये ते जगापुढे ठेवले. डायनोसॉर गवत खात होते, हे त्यातून कळले. २०११ मध्ये त्याच विष्ठेतून भाताच्या कुळातल्या गवताचे कण ओळखले गेले. भाताचे पूर्वज आणि डायनोसॉर एकाच मातीवर! मी खारेपाटातला, भाताच्या बांधावर वाढलेला. आमच्या भातजमिनी भूसंपादनात गेल्या. त्यांच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथे लढा झाला आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यात जमीन गुंठ्यांत मोजली गेली आणि ते बरोबरच होते, कारण पोट गुंठ्यावर भरत होते. डोंगर ब्रासमध्ये मोजले जातात. या जमिनीची वयाने मोजणी मात्र अजून कोणी केलेली नाही, आणि ती व्हायला हवी असे मला तळमळून वाटते.

म्हणून खाणवाल्यांना, पाया खणणाऱ्या अभियंत्यांना आणि बोगद्यावर काम करणाऱ्यांना एक विनंती. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये राखाडी किंवा काळसर, पापुद्रे सुटणारा थर दिसला, तर एक दिवस थांबा. शेजारी नाणे ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा, काही उपटू नका. मग जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. मुंबईत झेवियर्समध्ये हा विषय शिकवला जातो. जासईहून अटल सेतूवरून तिथे पोचायला फार वेळ लागत नाही.