‘गृहिणी’ या शब्दाची किंमत

(एक विद्यार्थिनी, बी. ए. तृतीय वर्ष, समाजशास्त्र)

मार्क्सच्या ग्रंथात कामगार आहे, कारखाना आहे, मालक आहे. पण सकाळी भोंगा होण्यापूर्वी त्या कामगाराचा डबा कोणी भरला, या प्रश्नाला तेथे फारशी जागा नाही. ज्या थोड्या विदुषींनी हा प्रश्न चिकाटीने विचारला, त्यांत मारिया मीस हे नाव मोठे आहे. आमच्या अभ्यासक्रमात ते एका ओळीत येऊन जाते. चर्चासत्रासाठी सरांनी हा विषय माझ्याकडे दिला आणि गेले वर्षभर तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. या बाईंविषयी, आणि त्यांच्यामुळे आमच्या घराविषयी जे सुचले, ते येथे मांडते.

मारिया मीस यांचा जन्म १९३१ साली जर्मनीतील आयफेल या डोंगराळ भागात, एका शेतकरी कुटुंबात झाला. बारा भावंडांत त्या सातव्या. शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि १९६३ साली जर्मन भाषा शिकवण्यासाठी चक्क आपल्या पुण्यात येऊन राहिल्या. जर्मन शिकायला येणाऱ्या मुलांचे कारण सरळ होते : जर्मनीला जाऊन इंजिनियर व्हायचे. मुलींचे कारण वेगळे निघाले. शिक्षण चालू आहे तोवर घरचे लग्नाची घाई करणार नाहीत, म्हणून त्यांतल्या कित्येकींनी वर्गात नाव घातले होते. मला हे वाचून हसू आले आणि लगेच ओसरलेही, कारण आमच्या वर्गातही अशा दोघीतिघी आहेत.

मायदेशी परतल्यावर त्यांनी कोलोन येथे समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि भारतीय स्त्रियांवरच प्रबंध लिहिला. तो १९७३ मध्ये जर्मनमध्ये आणि १९८० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पुढे त्या कोलोनलाच प्राध्यापिका झाल्या. मारहाणीमुळे घर सोडणाऱ्या स्त्रियांसाठी १९७६ साली त्या शहरात आसरा उभा राहिला, त्यामागे त्या व त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. त्याच वर्षी शहाद्याच्या भिल्ल शेतमजुरांच्या चळवळीवर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. संशोधकाने वरून खाली पाहू नये, खालून वर पाहावे, आणि आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे लपवू नये, असे त्या म्हणत. २०२३ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या.

त्यांच्या लिखाणात मला सर्वांत जवळचे वाटलेले पुस्तक म्हणजे नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवरचे. ते १९८२ साली निघाले. नरसापूर हे आंध्रातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यातले गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तेथील बायकांना क्रोशाच्या सुईने लेस विणायला शिकवले. मीस बाई तेथे पोचल्या तेव्हा तिचा मोठा व्यापार झाला होता. निर्यातदार दलालाकडे दोरा द्यायचा, दलाल तो घरोघर वाटायचा, बायका विणायच्या आणि तयार लेस परदेशी जायची. व्यापारी आणि दलाल बहुतेक पुरुष. विणणाऱ्या साऱ्या बायका.

या बायका स्वयंपाकपाणी, धुणेभांडी, मुलेबाळे सांभाळून दिवसाला सहा ते आठ तास लेस विणत. म्हणजे एका पूर्ण नोकरीइतके. पण त्यांना विचारा, व्यापाऱ्याला विचारा, नवऱ्याला विचारा, उत्तर एकच : ‘बायका घरी बसून रिकाम्या वेळात करतात.’ मजुरी मात्र इतकी तुटपुंजी, की शेतावर राबणाऱ्या दलित बायकांचा रोजही तिच्याहून बरा होता. त्यांतही गंमत अशी, की कापू जातीच्या लेसवाल्या बायका स्वतःला त्या शेतमजूर बायकांहून प्रतिष्ठित समजत. का, तर आपण उन्हात जात नाही, घरात बसतो!

मीस बाईंनी या साऱ्या प्रक्रियेला एक नाव दिले. मराठीत त्याला ‘गृहिणीकरण’ म्हणता येईल. बाईला एकदा ‘गृहिणी’ म्हटले, की तिचे काम काम राहत नाही, ते वेळ घालवण्याचे साधन होते. तिची मजुरी मजुरी राहत नाही, ती नवऱ्याच्या कमाईला लागलेला हातभार होते. कामाचे तास ठरत नाहीत, सुट्टी ठरत नाही, संघटना होत नाही, कारण प्रत्येकजण आपापल्या चार भिंतींत. थोडक्यात, ‘गृहिणी’ हे बाईचे वर्णन नव्हे. तो तिच्या श्रमांचा दर आहे.

हे वाक्य वाचकांना रुक्ष वाटेल. मला तसे वाटले नाही, कारण आमच्या घरात आजी आणि आई अशा दोन पिढ्यांत ते घडलेले आहे.

आमचे घर निपाणीचे. निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी, हे सीमाभागातील कोणाला सांगायला नको. माझी आजी चाळीस वर्षे विड्या वळत होती. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची, पाने भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचे. संध्याकाळी मोजून द्यायच्या, त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या जायच्या आणि हजारावर पैसे मिळायचे. काम वाईट होते. आजीचा खोकला आजही रात्री आम्हाला जागवतो. पण आजी कामगार होती. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले आहे. आजीजवळ अजून तिचे ओळखपत्र आहे, ते ती लुगड्याच्या घडीत ठेवते. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांनी संघटना बांधली, त्यावर ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली माहितीपटही काढला. म्हणजे नरसापूरचे पुस्तक आले त्याच वर्षी!

आई या घरात आली तेव्हा तिलाही विड्या वळता येत होत्या. पण वडिलांना नोकरी लागली आणि ‘आता आपल्या घरातल्या बाईनं सूप घेऊन बसायचं नाही’ असे ठरले. तंबाखूपासून आईची सुटका झाली, हे चांगलेच झाले. परंतु पगारात भागेना. मग गावातल्या एका साडीच्या दुकानातून आई फॉल लावायचे आणि पिकोचे काम आणू लागली. ते काम गेली सोळा वर्षे चालू आहे. सरकारी फॉर्मवर मात्र आई ‘गृहिणी’. आजी अडाणी, पण कागदोपत्री कामगार. आई दहावी पास, पण कागदोपत्री काहीच नाही. घराची इभ्रत वाढली आणि बाईचा दर उतरला. नरसापूरच्या बायकांचे गणित ते हेच.

मी तीन दिवस घड्याळ लावून आईच्या कामाची नोंद केली. पहाटे पाचपासून रात्री साडेदहापर्यंत. पाणी भरणे, स्वयंपाक, डबे, आजीचे औषधपाणी, धुणे, नळ दुसऱ्यांदा आला की पुन्हा पाणी. या सगळ्याला सरासरी साडेसात तास लागले. शिलाईच्या कामाला पाच तास. वही आईपुढे धरली तेव्हा ती म्हणाली, “एवढं लिहायला तुला वेळ बरा मिळतोय. त्यापेक्षा भाजी निवडून दिली असतीस तर!” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. भाजी निवडून दिली.

आमचे घर जगावेगळे नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात असे आढळले. जे पुरुष असे काम करतात ते ८८ मिनिटे. आपल्या जनगणनेत मात्र केवळ घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ या रकान्यात जाते.

मीस बाई यासाठी हिमनगाचा दाखला देतात. पाण्यावर दिसते ते टोक म्हणजे भांडवल आणि पगारी मजुरी. अर्थशास्त्र तेवढेच मोजते. पाण्याखाली बायकांचे घरकाम, घरबसल्या केलेली कामे, छोट्या शेतकऱ्यांचे कष्ट, वसाहतींची लूट आणि निसर्ग, आणि या सगळ्याच्या आधारावर वरचे टोक तरंगते. भांडवलशाहीला आपल्याबाहेरच्या जगावाचून वाढता येत नाही, हे रोझा लुक्झेंबर्ग यांनी १९१३ मध्येच मांडले होते. १९७२ साली मारियारोझा दाल्ला कोस्ता आणि सेल्मा जेम्स यांनी, घरात कामगार घडवणारी बाईदेखील भांडवलासाठीच राबते, असे सांगितले. मीस बाईंनी हे दोन्ही धागे जोडले आणि १९८६ च्या आपल्या प्रमुख ग्रंथात युरोपातील गृहिणी आणि आपल्याकडची लेसवाली यांना एकाच साखळीत दाखवले. वरकड मूल्य निर्माण करील तेच श्रम उत्पादक, ही व्याख्या त्यांना अपुरी वाटली. जीवन निर्माण करणारे आणि टिकवणारे श्रम हेच पहिले उत्पादक श्रम, असे त्यांचे म्हणणे.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. पुढील काळात त्या, बाजारापासून दूर, आपल्या गरजेपुरते आपण पिकवून जगण्याचा पुरस्कार करू लागल्या. हे मी आजीला सोपे करून सांगितले. आजी म्हणाली, “लेस विणणाऱ्या बायकांचं खरं हाय बघ, आमच्या सुपातलंच की गं सगळं! पन जात्यावर दळाय आनि आडाचं पानी शेंदाय मला काय परत जायाचं न्हाई.” मला आजीची टीका वजनदार वाटते. जुन्या श्रमांचा गौरव करताना ते कोणाच्या कमरेवर पडत होते, हे विसरून चालत नाही.

काही सहाध्यायी विचारतात, मग आईच्या प्रेमाचेही बिल करायचे का? मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. प्रेम आहे म्हणून काम मोजायचे नाही, हा नियम फक्त बाईलाच का? वडिलांचेही आमच्यावर प्रेम आहे, तरी ते पगार घेतातच. २०२३ साली कर्नाटकात गृहलक्ष्मी योजना आली आणि कुटुंबप्रमुख स्त्रीच्या नावावर महिना २००० रुपये ठरले. तेव्हा आईला विचारले, हा तुझा पगार का गं? ती म्हणाली, “पगार असता तर रजा बी मिळाली असती.” इतक्या थोड्या शब्दांत मला हे चर्चासत्रात सांगता आले नाही.

चर्चासत्राच्या निमित्ताने मी आमच्या गल्लीत आणखी कोण कोण हे शिलाईचे काम करते ते विचारत फिरले. आठ जणी निघाल्या. दुकान एकच, काम एकच, आणि दर पाच निरनिराळे! समोरासमोर राहणाऱ्या बायकांना एकमेकींचा दर ठाऊक नव्हता. त्यांतल्या पाच जणी एका दुपारी आमच्या सोप्यात बसल्या आणि सगळ्यात वरचा जो दर आहे तो सगळ्यांना मागायचा, असे ठरले. तिघींनी पाय मागे घेतला. काम दुसरीकडे गेले तर, ही त्यांची भीती खोटी नाही. आई मात्र गेली. दुकानदार म्हणाला, “तुम्ही घरंदाज बायका, वेळ जातो म्हणून करता, तुम्हाला कशाला हवी ही भावाची भाषा?” आई म्हणाली, “वेळ जात न्हाई मालक, वेळ लागतो.” ‘दिवाळीनंतर बघू’ असे उत्तर मिळाले आहे.

मला पुढे धारवाडला एम. ए. करायचे आहे. वसतिगृहाचे पैसे या फॉलपिकोतूनच येणार, आणि मी गेल्यावर माझ्या वाटचे घरकामही आईवरच येणार. हा हिशेब मी वडिलांपुढे आणि धाकट्या भावापुढे मांडला. बराच वाद झाला. सध्या संध्याकाळचे पाणी आणि भांडी भावाकडे आहेत. तो कुरकुरतो, पण करतो. दिवाळीनंतर दुकानात पाच जणी जाणार की आठ, हे अजून ठरायचे आहे.