मांजरीचा जिना

घरातील वस्तूंच्या दोन जाती असतात. एक, ज्या आपण पैसे मोजून आणतो त्यांची. आणि दुसरी, ज्या त्यांचे बोट धरून आपोआप घरात शिरतात त्यांची. पुठ्ठ्याचे खोके या दुसऱ्या जातीचे. पंखा आणला की खोके येते, मिक्सर आणला की खोके येते. पुढे पंखा बिघडून कबाड्याच्या हातगाडीवर चढतो, पण त्याचे खोके मात्र 'असू दे, लागेल कधी तरी' या आशीर्वादाच्या बळावर माळ्यावर सुखाने नांदत राहते. आमच्या लहानपणी हा मान रॉकेलच्या डब्याला आणि लाकडी पेटीला असे. वरूड-मोर्शीकडची संत्री अशाच पेट्यांतून परगावी जात, आणि चुकून घरात राहिलेल्या पेटीचे आठ दिवसांत पुस्तकांचे कपाट होई. आता पुष्कळशी संत्रीही पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून प्रवासाला निघतात.

या पुठ्ठ्याचे कूळ मोठे गमतीदार आहे. त्यातला तो नागमोडी कागद १८५६ साली इंग्लंडात प्रथम पेटंटला गेला, तो सामान बांधण्यासाठी नव्हे, तर साहेबाच्या उंच टोपीला आतून अस्तर म्हणून! १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये कुणाला तरी सुचले की, हा कागद बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला बरा. पुढे त्याला दोन्ही बाजूंनी सपाट कागद चिकटले आणि साहेबाच्या डोक्यावरून उतरलेली ही वस्तू साऱ्या जगाचे ओझे वाहू लागली. बळ त्याच्या अंगात नाही, वळणात आहे. एकापुढे एक उभ्या केलेल्या कमानी जसे छप्पर पेलतात, तशा त्या नळ्या भार पेलतात. मात्र नळ्या उभ्या हव्यात; आडव्या ठेवल्या तर खोके मान टाकते.

हे सारे मला आमच्या दादांनी सांगितले. दादा म्हणजे माझे वडील बंधू. वय वर्षे ऐंशी, मुक्काम अकोला, जठारपेठ. शाळेत ते हस्तव्यवसाय शिकवीत. १९३७ साली शेजारच्या वर्ध्याला हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला, आणि मूलोद्योगाच्या शाळांत सूतकताईच्या जोडीने पुठ्ठेकामही आले. दादांच्या पिढीने ते व्रतासारखे पाळले. त्यांनी बांधलेल्या वह्या अजून माझ्या घरी आहेत. पाने पिवळी पडली, शिवण ढळलेली नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात वहिनी गेल्या. मागे दादा राहिले आणि वहिनींची मांजर, मनी, राहिली. या दोघांचे कधीच जमले नव्हते. वहिनी होत्या तोवर दोघेही एकमेकांना जणू भाडेकरू समजत. मनीही आता चौदा वर्षांची. म्हणजे आपल्या हिशेबाने सत्तरी ओलांडलेली. पुतण्या पुण्याला असतो. त्याने ठरविले की, बाबांनी एकटे राहू नये. ठरविणे बरोबरच होते. २०२५ च्या एप्रिलात त्याने बांधाबांधीसाठी चांगली फाइव्ह-प्लायची तीस खोकी घरी पाठविली, आणि मदतीला म्हणून मी अमरावतीहून निघालो. बडनेऱ्याला गाडीत बसलो, मूर्तिजापूर मागे टाकले आणि भर दुपारी अकोल्याला उतरलो. अकोल्याचा उन्हाळा वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सांगून कळायचा नाही. पारा पंचेचाळिसाकडे सरकू लागला की तिथे रस्ता ओलांडणे हासुद्धा पराक्रमच ठरतो.

घरात पाऊल टाकतो तो एकही पुस्तक भरलेले नाही! दादा ओसरीवर मांडी ठोकून बसलेले. हातात जुनी सुरी, कानामागे पेन्सिल आणि भोवती कापलेल्या पुठ्ठ्यांचा ढीग.

"हे काय चालवलंय, दादा?"

"मोजमाप," ते म्हणाले. "खाट वीस इंच आहे. तिला आता उडी झेपत नाही."

वहिनींच्या खाटेवर मनी चौदा वर्षे झोपत आली होती. अलीकडे ती खाटेशी येई, वर बघे, मागचे पाय आवळी आणि मग तशीच खाली बसून राही. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २००२ साली बारा वर्षांवरील शंभर मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली, तेव्हा नव्वदांच्या सांध्यांत झीज आढळली. मांजर कण्हत नाही, लंगडत नाही. नुसते उडी मारायचे सोडून देते आणि आपण म्हणतो, आळशी झाली. दादांनी हे कुठे वाचले नव्हते. ते रात्री जागे असत, एवढेच.

मग मीही बैठक मारली. चार इंचांची एक अशा चार पायऱ्या, आणि पाचवे पाऊल थेट खाटेवर. पायरीची रुंदी दहा इंच; म्हाताऱ्या जिवाला मध्ये टेकता यावे म्हणून. पायरीच्या पोटात पट्ट्यांना अर्ध्यापर्यंत खाचा पाडून त्या एकमेकींत अडकविल्या, नळ्या उभ्या ठेवून. खोक्याच्या पिना एकूण एक उपटल्या. चिकटपट्टी नाही, कारण मांजर ती चावून गिळते. खळ मैद्याची. पुस्तक बांधताना दादा खळीत मोरचूद घालीत, कसर लागू नये म्हणून. या खेपेला मोरचुदाची पुडी फडताळातच राहिली. "ती चाटणार," एवढेच कारण त्यांनी दिले. वाळवायला अकोल्याचे ऊन होतेच, आणि ते फुकट होते!

शेजारच्या एका शेतकऱ्याने आपणहून दोन भक्कम खोकी आणून दिली. दादांनी त्यांवरचा छाप वाचला आणि ती हात जोडून परत केली. ती कपाशीवरच्या फवारणीच्या औषधाची होती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किती तरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते ऐकलेल्या माणसाला असे खोके घरात घेववत नाही. शेजारी क्षणभर गप्प झाला. मग जिन्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, आमच्या पोट्ट्याले पलंग नाही जी, अन् तुमच्या मांजरीले जिना!"

दादा पुष्कळ दिवसांनी हसले.

जिना तयार झाला, पण मनी काही चढेना. दोन दिवस ती उरलेल्या एका रिकाम्या खोक्यात जाऊन बसली. यातही शास्त्र आहे म्हणे: हॉलंडमधील एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकी दिली, तेव्हा खोकेवाली मांजरे लवकर निवळली, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. ज्याचे घर पालटते त्याला प्रथम चार भिंती हव्या असतात. मग त्या पुठ्ठ्याच्या का असेनात. तिसऱ्या दिवशी दादांनी कपाट उघडले, वहिनींचे एक मऊ झालेले पातळ काढले, त्याच्या चार पट्ट्या फाडल्या आणि एकेका पायरीवर खळीने चिकटविल्या. वहिनी गेल्यापासून ते कपाट कुणी उघडले नव्हते. पातळ फाडल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला आणि तिथेच थांबलो.

त्या रात्री मनीने पहिली पायरी हुंगली, दुसरीवर बराच वेळ बसली, आणि मग एखाद्या वृद्ध यात्रेकरूप्रमाणे टप्प्याटप्प्याने वर गेली. दादा दारातून बघत होते. सकाळी पाहतो तो वहिनी गेल्यापासून बाहेरच्या खोलीत झोपणाऱ्या दादांची वळकटी आतल्या खोलीत, खाटेशेजारी!

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी चिंध्या पांघरल्या आणि फुटके गाडगे जवळ बाळगले. जगाने टाकलेल्या वस्तूला अजून काम असते, हे त्यांना वेगळे शिकवावे लागले नाही. ते त्यांच्या अंगावरच होते. त्या ओसरीवर मला त्यांची आठवण झाली.

रविवारी पुतण्या आला. घरभर बघत त्याने विचारले, "बाबा, पुस्तकं कशात भरायची?"

"खोकी संपली," दादा म्हणाले.

पुतण्याने खाटेवर झोपलेल्या मनीकडे पाहिले, वळकटीकडे पाहिले, आणि बापाशेजारी जमिनीवर बसला. पुण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही. आता तो महिन्यातून दोनदा येतो. जेवणाचा डबा आणि दुपारची बाई यांची व्यवस्था त्याने लावून दिली आहे. पुढचे पुढे.

पुठ्ठा काही शिसवी नव्हे. पावसाळी हवेने तो सर्दावतो, जमिनीवर टेकला तर वाळवी गाठते. म्हणून जिन्याखाली फरशीचे तुकडे आहेत. हा किती दिवस टिकेल, असे मी दादांना विचारले. "एक वर्ष," ते म्हणाले, "मग दुसरा करू." परवा त्यांचा फोन आला. दिवाळीत वरुडाची संत्री येतील तेव्हा खोकी फेकू नकोस, म्हणाले. पहिली पायरी मऊ पडू लागली आहे. भाऊबीज झाली की मी पाच खोकी घेऊन अकोल्याला निघणार आहे. संत्री त्यांतच असतील.