दानाची जागा आणि नमुना नऊ

सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीला सरकारी पैसा कोणत्या वाटेने मिळतो, हे त्या राज्याच्या कायद्यावर ठरते. बसवकल्याण तालुक्यातले मंठाळ १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. पुढे ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आले आणि १९६५ चा ग्रंथालय कायदा लागू झाला. कर्नाटकात घरपट्टीवर ६ टक्के ग्रंथालय उपकर बसतो आणि ग्रंथालये सरकारच चालवते. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात उपकर नाही. तिथे संस्था ग्रंथालय चालवतात आणि अ ते ड दर्जाप्रमाणे परिरक्षण अनुदान घेतात. कर्नाटकातल्या सीमाभागात संस्थेच्या मराठी वाचनालयाला ही सोय नाही, उपकर मात्र गावकरी भरतातच.

इमारतीच्या मदतीसाठी उरते कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, स्थापना १९७२. तिथला अर्जही राज्यामार्फतच जातो.

प्रस्तुत लेखक मंठाळमधल्या ज्या वाचनालयाच्या कामात होता, त्याची प्रतिष्ठानाकडे जाणारी फाईल या राज्याच्या टप्प्यावरच अडली. छपराचे पत्रे गळत, पावसाळ्यात कपाटे भिंतीपासून ओढून वर मेणकापड टाकावे लागे. अंदाजपत्रक, ठराव, हिशेब सगळे जोडलेले होते. त्रुटी निघाली जागेची. ई-स्वत्तू या ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीतला नमुना नऊ उतारा संस्थेच्या नावे हवा होता आणि पंचायतीत नाव होते दात्याचे. त्या शेतकऱ्याने जागा तोंडी दिली होती, बक्षीसपत्र केलेच नव्हते. तो वारला. थोरला मुलगा उमरग्याला, धाकटा हैदराबादला, मुलगी भालकीला दिलेली. सह्या गोळा झाल्या. मुलीने सही करताना एवढेच विचारले, की दादांचे, म्हणजे वडिलांचे, नाव पाटीवर राहील ना. एवढे होऊनही दात्याचा मृत्युदाखला नाही म्हणून फाईल परत आली. ज्याच्या दानावर वाचनालय उभे, त्याच्याच मरणाचा पुरावा आधी द्या, ही मागणी आजही सलते.

तरी जागा संस्थेच्या नावे हवी ही अट मुळातून चुकीची म्हणता येत नाही. सरकारी खर्चाने बांधलेल्या खोलीला उद्या एखाद्या वारसाने कुलूप घातले तर वाचकाने कुठे जावे? म्हणून अंदाजपत्रकाच्या आधी उतारा काढावा आणि जागा देणारा हयात असतानाच बक्षीसपत्र नोंदवून घ्यावे.

२०१९ मध्ये कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींची ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे गेली. पुढे ती ‘अरिवु केंद्र’ झाली. संस्थांची वाचनालये त्यात येत नाहीत. मंठाळचे पत्रे शेवटी वर्गणीतूनच बदलले गेले.