उतारावरचा उन्हाळा

इंदूरहून ताईचा फोन आला तेव्हा माझी बॅग भरून झाली होती. "व्हँकुव्हरपर्यंत जातेच आहेस, तर दोन तास पुढे जा आणि पोराला बघून ये. रोज व्हिडिओवर बोलतो, पण नुसता चेहराच दाखवतो. अंगाने वाळलाय की काय, काही कळत नाही."

झाले! बॅगेत मेतकुटाची पुडी आणि बेसनाच्या लाडवांचा डबा वाढला.

माझा हा भाचा व्हँकुव्हरला दोन वर्षांचे शिक्षण संपवून एखाद्या कचेरीत खुर्चीवर बसेल, अशी घरच्यांची समजूत होती. तो मात्र उन्हाळाभर व्हिसलर नावाच्या डोंगरातल्या गावी सायकलच्या दुकानात कामाला राहिला. दिवसा लोकांच्या सायकली दुरुस्त करायच्या आणि काम सुटले की स्वतःची सायकल डोंगरावरून खाली सोडायची! 'डाउनहिल माउंटन बाइकिंग' हे त्या खेळाचे नाव.

समुद्र ते आकाश

व्हँकुव्हर ते व्हिसलर हे अंतर साधारण १२० किलोमीटर. रस्त्याचे नावच 'सी टू स्काय', समुद्रापासून आकाशापर्यंत! डाव्या हाताला हाऊ साउंडचे निळे पाणी, उजव्या हाताला सरळ उभे कडे. वाटेत ३३५ मीटर उंचीवरून उतरणारा शॅनन धबधबा लागतो. पुढे स्क्वॉमिश गावाजवळ 'स्टावामस चीफ' हा ग्रॅनाइटचा प्रचंड सुळका उभा आहे. आपल्या सह्याद्रीतले कातळकडे पाहिलेल्या माणसालाही त्याच्यापुढे मान वर करावी लागते.

व्हिसलर डोंगराचे जुने नाव लंडन माउंटन. पण इथे खारीच्या कुळातला मार्मट नावाचा गुबगुबीत प्राणी राहतो. धोका दिसला की तो लांब शीळ घालतो. त्या शिळेवरून लोक डोंगराला 'व्हिसलर' म्हणू लागले आणि तेच नाव कायम झाले. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या बर्फावरच्या अनेक शर्यती इथेच झाल्या. बर्फ वितळल्यावर रिकाम्या पाळण्यांचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे १९९९ मध्ये रीतसर सुरू झालेले इथले बाइक पार्क. ज्या तारेवरून हिवाळ्यात स्कीवाले वर जातात, त्याच तारेवरून उन्हाळ्यात सायकली चढतात.

बसमधून उतरले तर भाचेबुवा समोर हजर. दाढी वाढलेली, रंग रापलेला, आणि उजवा हात गळ्यातल्या झोळीत!

"मावशी, आधी लाडू दे. मग काय बोलायचं ते बोल."

गळपट्टीचे हाड मोडून तीन आठवडे झाले होते. आता मला ताईच्या त्या 'नुसत्या चेहऱ्याचा' उलगडा झाला. पठ्ठ्या फोन डाव्या हातात, अगदी नाकाजवळ धरून बोलत होता.

"आईला सांगणार नाहीस ना?"

"ते मी ठरवीन," म्हटले, "आधी तुझा डोंगर दाखव."

चिलखत आणि सायकल

लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल आणून, नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलेली आपली पिढी. त्यामुळे त्याची सायकल बघून मी चाटच पडले. पुढे मोटरसायकलसारखा दुहेरी फोर्क, मागे जाड स्प्रिंग. दोन्हीकडचे सस्पेन्शन सुमारे २०० मिलिमीटर दबते. हँडल जवळजवळ ८०० मिलिमीटर रुंद, टायर अडीच इंची. ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे, चकतीचे. वजन सोळा-सतरा किलो. अशी सायकल पायडल मारून चढावर नेणे म्हणजे शिक्षाच, म्हणून तर पाळणा हवा! नवी घ्यायची तर काही लाख रुपये मोजावे लागतात. याने दुसऱ्याची वापरलेली घेतली होती.

अंगावरचा सरंजाम वेगळाच. हनुवटीपर्यंत झाकणारे हेल्मेट, गॉगल, छाती-पाठीचे कवच, कोपर आणि गुडघ्यांचे पॅड, बोटभर हातमोजे. "यातलं काहीही विसरलो तर मी वर जात नाही," तो म्हणाला. हे ऐकून जरा बरे वाटले. पण गळपट्टीच्या हाडाला मात्र कवच नसते. पडताना माणूस सवयीने हात पुढे करतो किंवा खांद्यावर आपटतो, आणि सगळा मार त्या काडीसारख्या हाडावर येतो. म्हणूनच सायकलस्वारांमध्ये ते इतके वारंवार मोडते.

या खेळाचा जन्म कॅनडातला नव्हे, कॅलिफोर्नियातला. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या उतारावर ऑक्टोबर १९७६ मध्ये काही तरुणांनी जुन्या, जड सायकलींची शर्यत लावली. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नाव पडले 'रीपॅक'. पुढे १९९० मध्ये अमेरिकेतल्या डुरँगो गावी माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, आणि उनाडांचा खेळ प्रतिष्ठित झाला.

पाळण्यातून

आम्ही दोघे पाळण्यातून वर गेलो. खाली देवदाराच्या जातीची उंच झाडे आणि त्यांतून वळणे घेत उतरणाऱ्या तपकिरी वाटा. हिरवी खूण नवशिक्यांची, निळी मध्यम, काळी जाणत्यांची, आणि दोन काळे चौकट ज्यांनी विम्याचे कागद नीट वाचले आहेत त्यांची! 'ए-लाइन' ही इथली जगप्रसिद्ध वाट. मातीचे गुळगुळीत उंचवटे, एकामागून एक. स्वार त्यावरून असे उडतात, की पाण्यावर टाकलेली चपटी ठिकरी आठवावी. मधल्या गवतात एक काळे अस्वल निवांत चरत होते. इथे कोणाला त्याचे अप्रूप नाही.

"स्टीव्ही स्मिथ माहीत आहे?" भाच्याने विचारले. जवळच्याच व्हँकुव्हर बेटावरचा हा मुलगा २०१३ मध्ये डाउनहिलच्या विश्वचषक मालिकेचा एकूण विजेता ठरला. असे यश मिळवणारा तो पहिला कॅनेडियन. २०१६ च्या मे महिन्यात मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. वय अवघे सव्वीस.

मी काहीच बोलले नाही. भाचाही थोडा वेळ खालच्या वाटेकडे बघत राहिला.

तिसरा 'टेक'

संध्याकाळी खोलीवर त्याने चित्रफिती दाखवल्या. ही पोरे नुसती सायकल चालवत नाहीत, उन्हाळाभर तिचा सिनेमा करतात. एक कॅमेरा छातीवर, दुसरा वळणावर उभ्या असलेल्या मित्राच्या हातात. त्यात एक गंमत आहे. कॅमेऱ्यात उतार नेहमी सपाट दिसतो. प्रत्यक्षात पोटात गोळा आणणारा कडा पडद्यावर बागेतल्या रस्त्यासारखा वाटतो. म्हणून मग अजून वेग, अजून उंच उडी, अजून एक 'टेक'.

"दोनदा नीट जमलं होतं, मावशी. पण ऊन झाडावरून सरकलं होतं, चित्र छान आलं नसतं. म्हणून तिसऱ्यांदा गेलो. हात भरून आले होते, ब्रेकवर बोटं नीट वळत नव्हती. तरी गेलो."

छातीवरच्या कॅमेऱ्यातले ते पडणे एका सेकंदाचे आहे. वाट, मग आकाश, मग माती. त्यानंतर काळोख आणि फक्त श्वासाचा आवाज. मग एक अनोळखी आवाज शांतपणे विचारतो, "तुझं नाव काय? आज वार कोणता?" डोक्याला मार लागला आहे का, हे बघण्याची ती पद्धत. भाच्याने नाव सांगितले आणि मग एकच शब्द उच्चारला, "आई."

मी फोन त्याच्या डाव्या हातात दिला. "आता लाव. आणि हात लांब करून धर."

ताईने झोळी पाहिली. ओरडली नाही, रडलीही नाही. "मला वाटलंच होतं," एवढेच म्हणाली, "तीन आठवडे डाव्या हाताने केस मागे सारतोयस. दुखतं का रे?" मग थोडे थांबून, "तुझा तो सिनेमा काढलायस ना? पडलेलं नको दाखवू. उठलेलं दाखव."

उठलेले चित्रीकरणच नव्हते. कॅमेरा तोवर कोणीतरी बंद केला होता.

जायचे असेल तर

बाइक पार्क साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत खुले असते. सायकल आणि पूर्ण चिलखत भाड्याने मिळते, नवशिक्यांसाठी शिक्षक असतात. प्रवासाचा विमा काढताना साहसी खेळ त्यात धरले आहेत का, हे जरूर पाहावे. ज्यांना सायकल नको, त्यांनी २००८ पासून सुरू असलेल्या 'पीक टू पीक' गोंडोलात बसावे. दोन डोंगरांना जोडणारी ही ४.४ किलोमीटरची तार दरीपासून ४३६ मीटर उंचीपर्यंत जाते. आजी-आजोबांनाही झेपेल असा हा आनंद आहे.

ऑक्टोबरमध्ये, पार्क बंद व्हायच्या आदल्या दिवशी, डॉक्टरांची परवानगी घेऊन भाचा पुन्हा सायकलवर बसला. हिरव्या खुणेच्या वाटेवरून एकच फेरी. ना उडी, ना संगीत. सहा मिनिटांची ती चित्रफीत त्याने इंदूरला पाठवली. ताईने ती लगेच मला धाडली. खाली एवढेच लिहिले होते, "बघ, प्रत्येक वळणावर ब्रेक लावतोय."