शेवटचा परिच्छेद

ललित गद्य शिकवणाऱ्या माणसाच्या टेबलावर जुलैत पाऊस येतो, दिवाळीनंतर फराळ येतो आणि आजी बारा महिने येते. आजीची ट्रंक, आजीची जपमाळ, आजीनं शिवलेली गोधडी. विद्यार्थी दरवर्षी बदलतात, आजी तीच राहते आणि शेवटचा परिच्छेदही तोच राहतो: आयुष्य म्हणजे तरी काय, वेगवेगळ्या ठिगळांची गोधडीच ना, वगैरे. मी आधी तो परिच्छेद खोडते आणि मग लेख वाचायला घेते. पोरांना हा सरळसरळ अन्याय वाटतो. रोजच्या साध्या गोष्टींत अर्थ शोधा असं सांगणाऱ्या मॅडम, आणि सापडलेला अर्थ खोडणाऱ्याही मॅडमच.

शेवटी अर्थ सांगून टाकण्याची ही खोड मात्र पोरांची नाही. तिला आता शंभर वर्षं होत आली. ना. सी. फडक्यांनी १९२६ च्या सुमारास ‘रत्नाकर’ मासिकात ‘गुजगोष्टी’ लिहायला घेतल्या. त्याआधीचा आपला निबंध चिपळूणकरांच्या १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’च्या वळणाचा: विषय मोठा, आवाज मोठा, लेखक व्यासपीठावर. फडक्यांनी लेखकाला खाली उतरवून वाचकाच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. गार्डिनर, लिंड या इंग्रजी निबंधकारांचा आदर्श त्यामागे होता, पण मराठीत तो सूर नवा होता आणि लोकांना तो फार आवडला. खांडेकर, अनंत काणेकर यांनी त्याला आपापला रंग दिला. घरातली कुठलीही बारीकसारीक वस्तू लेखाचा विषय होऊ शकते, ही मुभा या पिढीनं दिली. त्याबद्दल मला कृतज्ञताच आहे.

पण मुभेबरोबर साचाही आला. एक वस्तू घ्यायची, तिच्याविषयी चार खेळकर वाक्यं लिहायची, एखादी आठवण सांगायची आणि मग अलगद वळण घेऊन जीवनाविषयी एक विधान करायचं. काणेकरांसारख्या तल्लख माणसाच्या हातात हे वळण खपून जाई. पुढे ते शाळेच्या निबंधात शिरलं. फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त दहा गुणांसाठी लिहिलेल्या प्रत्येकाला ते पाठ आहे. छत्री काय भोगते यापेक्षा ती शेवटी काय उपदेश करते याला गुण मिळतात, हे मुलं फार लवकर ओळखतात.

माझं मत असं, की मराठी ललित गद्य या साच्यातून सुटलं ते दुसरा काही उद्योग असलेल्या लोकांमुळे. इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ. बर्लिनला कवट्यांची मोजमापं घेऊन डॉक्टरेट मिळवलेली, पुढे डेक्कन कॉलेजात संशोधन. ‘परिपूर्ती’ हा त्यांचा संग्रह १९४९ चा. त्यातला शीर्षकलेख मी दरवर्षी वर्गात घेते. एका सभेत बाईंची ओळख करून दिली जाते ती अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी. त्यांना काहीतरी अपुरं राहिल्यासारखं वाटतं. मग रस्त्यानं जाताना शाळकरी पोरांचं बोलणं कानावर पडतं: ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि ओळख पुरी होते. इथेही शेवटी वळण आहे, फडक्यांना आवडलं असतं असंच. फरक एवढाच, की ते लेखिकेनं घेतलेलं नाही, पोरांनी तिच्या अंगावर टाकलेलं आहे. चारच वर्षांनी हीच बाई भारतातल्या नातेव्यवस्थेवर ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध करते. स्वतःची ओळख नात्यांच्या खुंट्यांवर टांगली जाताना ती चिडण्याआधी निरखून बघते, कारण निरखणं हा तिचा धंदाच आहे.

त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख वाचतानाही हेच जाणवतं. पंढरपूरच्या वारीत त्या दिंडीबरोबर चालल्या. भक्तिभावानं ओथंबलेलं वर्णन करायला एवढी चांगली संधी कुठली? त्या भारावल्या आहेत, ते लपवतही नाहीत. पण दिवसभर एकत्र चालणारी, एकत्र भजन म्हणणारी ब्राह्मण आणि मराठा मंडळी जेवायला वेगवेगळी बसतात, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि ते त्यांना बोचतं. एकाच वाटेवरचा आनंद आणि ही बोच, दोन्ही लेखात राहतात. एकानं दुसऱ्याला गिळलेलं नाही.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ चं. चैत्र ते फाल्गुन, बारा महिन्यांचे बारा लेख. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक. मध्य प्रदेशातल्या आदिवासी भागात हिंडताना त्यांना विषबाधा झाली आणि पुढची कितीतरी वर्षं आजारपणात गेली. आजचा लेखक असता तर त्या आजारपणावर पुस्तक झालं असतं. ‘ऋतुचक्रा’त बाई जवळजवळ दिसतच नाहीत, दिसतात ती झाडं, ढग, माती आणि त्या महिन्याशी जोडलेल्या लोकसमजुती. तरी ते पुस्तक वाचून त्यांच्याइतकी ओळखीची वाटणारी लेखिका दुसरी नाही. ‘मी’ किती वेळा येतो यावर लेखन आत्मपर ठरत नाही.

वर्गात हे पटवणं अवघड जातं. मग मी एका विद्यार्थ्याच्या लेखाची गोष्ट सांगते. त्याचे वडील एसटीत कंडक्टर. पहिल्या खर्ड्यात वडिलांचे कष्ट होते, घाम होता, डोळ्यांच्या कडा ओलावल्या होत्या. वडील कुठल्याही कामावर असते तरी चाललं असतं. मी त्याला विचारलं, ड्युटीवरून आल्यावर ते नेमकं करतात काय? तो म्हणाला, काही नाही, नोटा चिकटवतात. डेपोत भरणा करताना फाटक्या नोटा कोणी घेत नाही; तेवढे पैसे ते खिशातून घालतात आणि नोटा घरी आणतात. मग वर्तमानपत्र पसरून, पातळ कागदाच्या पट्ट्या कापून, खळ लावून एकेक नोट जोडतात. त्याला म्हटलं, हे लिही, बाकी सगळं काढ. दुसऱ्या खर्ड्यात पट्टीची रुंदी आली, खळीचा वास आला, वाळत घातलेल्या नोटा पंख्यानं उडू नयेत म्हणून बंद केलेला पंखा आला. आणि लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांच्या नोकरीत माणूस फाटकी नोट ओळखायला शिकला नसेल असं होणारच नाही. त्यानं वडिलांना विचारलं. ते म्हणाले, म्हातारी बाई असते, तिच्याकडे दुसरी नोट नसते, तिला खाली उतरवू का? हे उत्तर लेखात तसंच आहे. त्याच्यापुढे एक शब्द नाही.

अर्थ सापडला तो असा. तो आधी मनात तयार होता आणि मग कागदावर उतरवला, असं झालं नाही. पट्टी किती रुंद हे लिहावं लागलं म्हणून हात, हातावरून नोट आणि नोटेवरून प्रश्न आला. नुसतं मनाशी घोळवत बसला असता तर ‘कष्ट’ या शब्दापाशीच थांबला असता.

मानसशास्त्रातही या अंगानं काम झालं आहे. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या क्लेशकारक गोष्टीविषयी लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांच्या तुलनेत कमी राहिल्या. नंतर शंभरावर प्रयोग एकत्र तपासले तेव्हा परिणाम खरा पण लहान निघाला, त्यामुळे ‘रोज डायरी लिहा, निरोगी राहा’ हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला जरा जपूनच घ्यावा. मला या संशोधनातला वेगळाच निष्कर्ष मोलाचा वाटतो. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘लक्षात आलं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले होते. म्हणजे केवळ मन मोकळं करून भागत नाही, दुवे जुळावे लागतात.

दुवे जुळायला मात्र काहीतरी हाताशी लागतं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि झाशीच्या धामधुमीत सापडले. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हकिगत लिहिली ती पाव शतकानंतर. छापून आली १९०७ मध्ये. ‘माझा प्रवास’ आजही वाचवतो, कारण तोफांच्या आवाजाइतकंच हळदीकुंकू, भोजनं आणि दक्षिणा या भटजींच्या ध्यानात आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही अशीच, उतारवयात लिहिलेली. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुवून घेणारे वडील त्या रागावून नाही, हसत हसत उभे करतात. त्या घरात बायकांचे काय हाल झाले असतील, हे आपल्याला त्या मिठावरून कळतं.

गोडसे भटजींची किंवा लक्ष्मीबाईंची स्मरणशक्ती आपल्याला नसते. म्हणून वही ठेवावी, एवढाच माझा व्यावहारिक सल्ला. तिच्यात काय वाटलं हे लिहिलं नाही तरी चालेल. ते पुढेही वाटेल, कदाचित जास्त नीट. भाजीचा भाव, बोललेलं वाक्य जसंच्या तसं, कोण कुठे बसलं होतं, वीज किती वाजता गेली, हे मात्र आठवड्यात पुसतं. इरावतीबाई काय किंवा दुर्गाबाई काय, क्षेत्रकार्यातल्या नोंदींवर हात बसलेल्या बायका. त्यांचं ललित लेखन त्या नोंदींच्या शिस्तीवर उभं आहे, आणि ‘प्रतिभा’ म्हणून आपण ज्याला हात जोडतो त्यातला बराच भाग ही शिस्त आहे असं माझं मत आहे.

गेली काही वर्षं कॉलेजबाहेर ज्येष्ठांसाठीही लेखनाचा वर्ग घेते. तिथे बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत. अनारशाचं पीठ बिघडलं त्या दिवाळीवर त्यांनी लिहिलं: तांदूळ तीन दिवस भिजवणं, रोज पाणी बदलणं, तुपात सोडताच विरघळून गेलेला पहिला अनारसा, सासूबाईंचं गप्प राहणं. शेवटी नेहमीचा परिच्छेद, बिघडण्यातूनच माणूस शिकतो. मी खोडला. काकू म्हणाल्या, “मॅडम, हे मी छापायला लिहिलेलं नाही. नात न्यू जर्सीला असते, मराठी अडखळत वाचते. आमच्या सासूबाई गप्प बसल्या म्हणजे काय झालं, हे तिला कोण सांगणार?” मी म्हटलं, मग बिघडण्याचं काढा आणि गप्प बसण्याचं लिहा. त्या घरी जाऊन दोन पानं लिहून आल्या. त्यात सासूबाईंची स्वतःची पहिली दिवाळी होती, तेव्हाही अनारसे विरघळले होते, आणि त्या वेळी घरात कोणीच गप्प बसलं नव्हतं. बिघडण्यातून शिकण्याचं ते वाक्य काकूंनी तरीही ठेवलंच. नातीला सोपं पडेल म्हणाल्या.