भूक परत येईपर्यंत



मुलाने मासा मागितला तर कोणता बाप त्याच्या हाती साप देईल, असे प्रभू येशू विचारतो (लूक ११:११). उधन्यातल्या एका घरात मात्र आईने सोळा वर्षांच्या मुलाला खरोखर साप आणू दिला. वडील गेल्या वर्षी वारले. तेव्हापासून मुलाने ख्रिस्तयागाला येणे सोडले, धर्मशिक्षणाच्या वर्गालाही. निदान कशात तरी त्याचा जीव रमावा, एवढेच तिला हवे होते. त्या घराला विचारूनच हे लिहीत आहे.

आपल्याकडचा नाग, धामण किंवा अजगर पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. हा होता आफ्रिकेतला बॉल पायथन. अशा परदेशी प्राण्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ती मोठ्या भावाच्या नावाने झाली होती. पिल्लू हातभर लांब, अंगठ्याएवढे जाड, आणि तीन आठवडे त्याने काही खाल्ले नव्हते.

“सर, तुम्हीच समजवा आता,” ताई म्हणाल्या. सापाला की मुलाला, ते त्यांनी सांगितले नाही.

मुलगा माझ्याशी देवाबद्दल बोलला नाही. सापाबद्दल मात्र तासभर बोलला. नव्या घरात आलेले पिल्लू घाबरलेले असते, म्हणून पहिला आठवडा त्याला हातसुद्धा लावायचा नाही. लपायला दोन अंधारी खोकी हवीत. पेटीच्या एका बाजूला ३१-३२ अंश ऊब, दुसऱ्या बाजूला २६ च्या आसपास. सुरतेत जानेवारीच्या रात्री पारा १५ च्या जवळ उतरतो, आणि गारठलेल्या सापाला खाल्लेले पचत नाही. डोळे निळसर झाले म्हणजे तो कात टाकणार, तेव्हाही खाणार नाही. रात्री उंदराचे मेलेले पिल्लू कोमट करून चिमट्याने समोर धरायचे. ओठांवरच्या खाचांनी सापाला ती ऊब कळते. नाही घेतले तर उचलून ठेवायचे आणि पुन्हा आठवडाभराने विचारायचे.

“तोंड उघडून भरवता येत नाही का?” मी विचारले.

“येतं, पण ते डॉक्टरचं काम, आणि अगदी शेवटचं. जबरदस्ती केली की तो आणखी घाबरतो, सर.”

नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पिताना आपण पाहिला आहे. दूध हे सापाचे अन्नच नाही. कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते पितो. बघणाऱ्याला वाटते, काय भक्तीने प्यायला! आपणही दटावून मुलाला परमप्रसादाच्या रांगेत उभे करू शकतो. बघणाऱ्यांचे समाधान होईल. मुलाच्या पोटात काय गेले, ते देवालाच ठाऊक.

एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत निजला होता (१ राजे १९). देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उशाशी भाकर आणि पाणी ठेवले. तो खाऊन पुन्हा झोपला, तर झोपू दिले आणि नंतर पुन्हा उठवून खायला घातले. होरेबची वाट त्यानंतरची.

पण थांबणे म्हणजे सोडून देणे नव्हे. तो मुलगा दर आठवड्याला सापाचे वजन करून वहीत लिहीत होता, पाणी रोज बदलत होता. वजन फार उतरले असते तर डॉक्टर गाठणारच होता. ताईंना मी एवढेच सांगितले: घरातली संध्याकाळची प्रार्थना चालू ठेवा, त्याची जागा रिकामी ठेवा. आठवड्यातून एकदा, “येतोस का?” असे विचारा. नाही म्हणाला तर वाद नको. आणि त्याचे जेवण किंवा झोप उडाली तर डॉक्टरकडे न्यायला लाजू नका.

पाचव्या आठवड्यात रात्री अकराला मला निरोप आला: “सर, खाल्लं.”

मुलगा अजून चर्चमध्ये आलेला नाही. ताई दर शनिवारी विचारतात.

प्रभो, ज्यांची भूक दुःखाने मेली आहे, त्यांच्या उशाशी भाकर ठेवायला आम्हाला शिकव, आणि ते उठेपर्यंत ऊब राखण्याचा धीर दे. आमेन.