सातबाऱ्यावरचं नाव

कोलाडच्या आसपास आता भातखाचरांचा भाव गुंठ्यावर बोलला जातो. महामार्ग, कोकण रेल्वेचं स्टेशन, कुंडलिकेतलं राफ्टिंग; मुंबईकरांना इथे फार्महाऊस हवं असतं. आमच्या वरकस जमिनीचा एक तुकडा वडिलांनी असाच विकला आणि माझ्या पनवेलच्या फ्लॅटची सुरुवातीची रक्कम उभी राहिली. हप्ते मी पगारातून फेडतो. पण ती पहिली रक्कम माझ्या कष्टाची नव्हे. ती १ एप्रिल १९५७ची, कृषकदिनाची. आजोबा खोताचं कूळ. कूळकायद्याने त्या दिवसापासून कसणाऱ्याला मालक मानलं. त्यांची कूळ म्हणून नोंद होती, म्हणून ठरलेली किंमत भरून कलम ३२ मचं खरेदीचं प्रमाणपत्र हाती आलं. त्यामागे अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून नेटाने चालवलेला संप होता, बाबासाहेबांनी १९३७मध्ये मांडलेलं खोतीविरोधी विधेयक होतं. हे ऋण मी मानतो.

याच खाचरांत कातकरी माणसंही राबली. लावणी, कापणी, झोडणी सगळं केलं. पण मजूर म्हणून. नोंद कुठेच नाही. पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्टीवर. जवळच्या वाडीतल्या एका आजीने प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्डासोबत जपलेला घराचा उतारा मला दाखवला. मालकाच्या रकान्यात दुसऱ्याचं नाव, भोगवटादाराच्या रकान्यात तिचं. कुडाच्या भिंती तिने दरवर्षी सारवल्या, तरी त्या कागदावर बँक कर्ज देत नाही. घरकुल मागायला जावं, तर पहिला प्रश्न जागेचा.

मी नांगर धरलेला नाही, तरी शेतकरी असल्याचा दाखला मला वारशाने मिळतो आणि उद्या शेतजमीन विकत घेता येते. वारसा सगळ्या लेकरांना सारखा लाभतो असंही नाही: माझ्या आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, बदल्यात साड्या नेल्या. फ्लॅट माझा झाला, त्यात त्यांचाही वाटा आहे.

कातकऱ्यांच्या वाड्यांखालची जागा मोजून गावठाणात घ्यावी आणि राहणाऱ्या बायांच्या नावे करावी. हे आत्ताच व्हायला हवं. भाव चढलेत, आणि आजीच्या उताऱ्यावरच्या मालकाला ती जागा आता मोकळी करून हवी आहे.